रुडरची रिकामी जागा आणि आपला उकार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही स्विस डिझाइनवर लेख छापलात, बरं वाटलं, पण सगळा लेख हेल्व्हेटिका हा टाइप (म्हणजे अक्षरांचं वळण) आणि पोस्टरं यातच संपला आणि छापील अक्षरांची मांडणी शिकवणारा स्विस टायपोग्राफर एमिल रुडर एका ओळीत येऊन गेला, म्हणून हे पत्र. मी चोवीस वर्षं छापखान्यात हाताने खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवलेत, नंतर डीटीपी आलं तेव्हा चष्मा बदलून कॉम्प्युटरवर बसलो, त्यामुळे हा माणूस मला आमच्यातला वाटतो.

आमच्यातला म्हणजे अगदी खरंच. १९१४ साली झुरिकला जन्म, आणि कॉलेज करून मग प्रेस बघायला आलेला नव्हे, आधी कंपोझिटरची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची, उमेदवारी केलेला. १९४२ पासून तो स्वित्झर्लंडमधल्याच बाझल शहरात शिकवायला लागला, ती शाळा पण धंदेशिक्षणाची, म्हणजे दिवसा प्रेसमधे हात काळे करणारी पोरंसुद्धा समोर बसलेली असायची. पुढे १९६५ ला तो तिथला डायरेक्टर झाला. त्याचं शिकवणं जगभर गेलं ते १९६७ च्या ‘टायपोग्राफी’ या पुस्तकामुळे, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच तिन्ही भाषा एकाच पुस्तकात. तीन वर्षांत, साठीही न गाठता, गेला बिचारा.

नात अप्लाइड आर्टला आहे, तिने ते पुस्तक लायब्ररीतून आणलं तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, वाचलं कमी आणि बघितलंच जास्त. त्याचं पहिलं म्हणणं अगदी साधं आहे, छापलेलं वाचता आलं पाहिजे, नाही आलं तर छापून उपयोग काय. दुसरं मात्र मला आयुष्यभर कळत होतं पण बोलता येत नव्हतं, ते म्हणजे अक्षर एवढीच वस्तू नाही, अक्षराच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा हीसुद्धा वस्तूच आहे. त्यासाठी तो पूर्वेकडच्या तत्त्वज्ञांचं मडक्याचं उदाहरण देतो, आत पोकळी नसेल तर मडकं म्हणजे नुसता मातीचा गोळा. आम्ही तर ही पोकळी हातात धरायचो हो, स्पेस म्हणजे शिशाचा तुकडा, लेड म्हणजे दोन ओळींमधली पट्टी, रिकाम्या जागेलाही वजन असायचं आणि फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेलं पान, उचलताना ते कळायचं. आता एक बटण दाबलं की जागा गायब.

आणि हेल्व्हेटिकाचं म्हणाल तर रुडरचा टाइप तो नव्हेच. त्याचा जीव युनिव्हर्स या टाइपवर. दोन्ही १९५७ चे, पण युनिव्हर्स आद्रियान फ्रुटिगरने केला तो एकदम २१ प्रकारांत, बारीक, जाड, अरुंद, रुंद, तिरका, आणि त्यांना नावांऐवजी आकडे, साधा तो ५५. कुठलाही प्रकार कुठल्याही शेजारी बसवा, उंची जुळणारच. शिकवणाऱ्याला आणखी काय पाहिजे.

पण त्याचा वारसा म्हणून मी दाखवीन ते दुसरंच. वुल्फगांग वाइनगार्ट नावाचा जर्मन पोरगा, तोही मुळात कंपोझिटरच, १९६४ ला बाझलला आला आणि त्याला तिथली सगळी शिस्त टोचायला लागली, कशाला सगळं डावीकडून, कशाला एवढं शांत. रुडर आणि तिथलाच दुसरा शिक्षक आर्मिन हॉफमन यांनी त्याला हाकलला नाही, उलट १९६८ ला नव्या वर्गावर शिकवायला घेतला! त्याने नियम मोडून मोडून जे केलं त्यातून पुढे अमेरिकेत न्यू वेव्ह का काय म्हणतात ती मोकळी डिझाइनशैली निघाली. (आमच्या फोरमनने मला असा एक दिवस ठेवला नसता.)

हॉफमन तर १९६५ मधे अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमधे, येऊन शिकवून गेलाय, म्हणजे बाझल आपल्याला अगदीच परकं नाही. तरी आपण घेतलं काय, तर नुसता चेहरा. रुडर म्हणतो एका ओळीत साठापेक्षा जास्त अक्षरं झाली की वाचणं जड जातं, आता ते त्याच्या लिपीचं गणित, आपल्यात काना मात्रा जोडाक्षर कसं मोजायचं ते आपणच बसून ठरवायला हवं, ते कोण करतो? ओळींमधलं अंतर तसंच. रोमन अक्षराला जेवढं पुरतं तेवढ्यात आपलं भागत नाही, आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, अशी दोन मजली वस्ती. स्विस दिसायला हवं म्हणून ओळी आवळल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि हे डिझाइनरला स्क्रीनवर सुंदर दिसतं कारण त्याला ते वाचायचं नसतं.

तुमचं नवीन अॅप असंच आहे, राग मानू नका. त्या लेखातच ‘मुद्रण’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘लिपी’वर चढलाय. छापील अंकात दुसरं दुखणं, अरुंद कॉलम आणि दोन्ही कडा सरळ हव्यात म्हणून शब्दांमधे एवढाली भोकं, लांब मराठी शब्द आला की ओळीत दोनच शब्द आणि मधे मैदान. उजवी कड मोकळी सोडून बघा ना एखाद्या पानावर. वाचकांच्या पत्रांचं पानच घ्या, तिथे जाहिराती कमी असतात, कोणी ओरडणार नाही. आणि हे पत्र छापलंत तर माझ्या ओळींमधे जरा लेड घाला.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, मिरज