सुहासला पत्र : 'डिस्ट्रिक्ट सिक्स' या नाटकाविषयी

केप टाउन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दक्षिण आफ्रिकेतल्या, डच भाषेतून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेच्या रंगभूमीवर प्रेमाची गोष्ट हसतखेळत सांगणारे, तुफान चाललेले नाटक कोणते, असे तू विचारले होतेस. शुद्ध आफ्रिकान्समधले नव्हे, पण केपच्या गल्लीबोळांतल्या इंग्रजीमिश्रित बोलीतले, जिला इथे 'काप्स' म्हणतात, 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हे संगीत नाटक मला आधी आठवते. डेव्हिड क्रेमर आणि तालिप पीटरसन या जोडीने ते रचले आणि १९८७ मध्ये इथल्या बॅक्स्टर थिएटरात रंगमंचावर आणले.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही डोंगराच्या उतारावरची, शहराला खेटून असलेली जुनी वस्ती, आणि पीटरसनांचा जन्म तिथलाच. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ती केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवली, पुढे साठ हजारांहून अधिक माणसांना केप फ्लॅट्सच्या रेताड मैदानावर हुसकावून घरे जमीनदोस्त केली, आणि गंमत अशी की एवढे करून जमीन बहुतांशी ओसाडच पडून राहिली. नाटकातली प्रेमप्रकरणे आणि थट्टामस्करी ही त्या उठवलेल्या वस्तीची आहेत, हे ध्यानात घेतले की हसू जरा निराळे लागते.

प्रयोग सुरू झाले तेव्हा देशात आणीबाणी होती आणि वर्णानुसार वस्त्या विभागणारा कायदा रद्द व्हायला आणखी चार वर्षे होती. मात्र बॅक्स्टर हे विद्यापीठाचे नाट्यगृह असल्याने तिथे सर्व वर्णांचे प्रेक्षक शेजारी शेजारी बसत. तुझ्या मालवणी मंडळींना कळेल, की ज्या बोलीला पुस्तकी लोक नाके मुरडतात, ती नटाच्या तोंडून खणखणीत आली की प्रेक्षागृह कसे सैल होते. मलाय भाषेतून आलेला, 'कृपया' या अर्थाचा 'कनाला' हा शब्द त्याच बोलीतला, आणि वस्तीचे एक टोपणनावही त्यावरूनच पडले, असे काहीजण सांगतात.

याच जोडीचे 'कॅट अँड द किंग्ज' १९९५ मध्ये आले. सॅली डॅनियल्स या गायकाच्या तरुणपणीच्या आठवणींवर ते बेतलेले होते, आणि उतारवयातल्या कॅटची भूमिका डॅनियल्स यांनी स्वतः केली. १९९९ मध्ये लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार या नाटकाला मिळाला, शिवाय अभिनयाचा पुरस्कार एका नटाला न देता सगळ्या संचाला मिळून दिला गेला, हे मला फार आवडले. २००६ मध्ये पीटरसन गेले. पुढे क्रेमर यांनी त्या जुन्या गाण्यांचा 'कनाला' नावाचा प्रयोग वस्तीच्याच कडेला असलेल्या फुगार्ड थिएटरात, २०१६ साली, म्हणजे त्या सरकारी फर्मानानंतर बरोबर पन्नास वर्षांनी केला.

तो मी शेजारच्या आजींबरोबर पाहिला. त्यांचे बालपण तिथेच गेले. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "सगळे खरे आहे, पण हॅनोव्हर स्ट्रीटच्या मासळी बाजाराचा वास काही यांना आणता आला नाही."

तुझा,
अनंत