‘तो लष्कराचा मामला आहे’ म्हणून तक्रार परत पाठवू नका

महोदय,

खेड, दापोली, मंडणगड भागातील कित्येक घरांतील मुले सैन्यात आहेत आणि उरण ते मुंबई किनाऱ्यावर नौदलाचे तळही आहेत. तरीही छावणीत घडलेल्या किंवा सैनिकाने केलेल्या गुन्ह्याची तक्रार कोठे करायची, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. लष्करी पोलीस दलातून निवृत्त होऊन गावी आल्यापासून हाच प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

लाल टोपीवाला लष्करी पोलीस छावणीतील वाहतूक व शिस्त सांभाळतो, जवानांचे रजेचे कागद तपासतो आणि कोठडीतील आरोपींवर लक्ष ठेवतो. लष्कर कायदा, १९५० च्या कलम १०७ नुसार त्याला या कायद्याखाली येणाऱ्या जवानाला ताब्यात घेता येते. मात्र स्वतःच्या अधिकारात कोणालाही शिक्षा देता येत नाही, आणि अधिकाऱ्याला तर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अटकही करता येत नाही. त्याचा अधिकार मुख्यतः गणवेशातील माणसांपुरता आहे. छावणीत आगळीक करणाऱ्या नागरिकाला त्याने अडवले, तरी पुढील कारवाईसाठी पोलीस ठाण्याच्याच स्वाधीन करावे लागते.

खरी अडचण उलट बाजूची आहे. फॅमिली क्वार्टरमध्ये नवऱ्याची मारहाण सोसून माहेरी आलेल्या एका मुलीला इथल्या पोलीस ठाण्यात ‘तो लष्कराचा मामला आहे, त्याच्या युनिटला कळवा’ असे सांगून परत पाठवण्यात आले. हे कायद्याला धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते आणि ती नोंदवून घेणे पोलिसांचे कर्तव्य आहे. सैनिकाची पत्नी शिस्तभंगाची तक्रार घेऊन आलेली नसते. ती एक नागरिक म्हणून संरक्षण मागत असते, आणि तिला हजार किलोमीटर दूरच्या कमांडिंग ऑफिसरकडे बोट दाखवणे हा निष्ठुरपणा आहे.

खटला कोठे चालायचा, हा प्रश्न त्यानंतरचा. नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध आणि नागरिक स्त्रीवरील बलात्कार हे गुन्हे लष्कर कायद्याच्या कलम ७० नुसार, सक्रिय सेवा (युद्ध वा तत्सम मोहीम), परदेश आणि सरकारने अधिसूचनेने ठरवलेली सीमाचौकी वगळता, कोर्टमार्शलपुढे म्हणजे लष्करी न्यायालयापुढे चालवताच येत नाहीत. इतर गुन्ह्यांत कोर्टमार्शल की फौजदारी न्यायालय, हे कलम १२५ खाली सेनाधिकारी ठरवतो. त्यावर दंडाधिकाऱ्याने हरकत घेतल्यास कलम १२६ प्रमाणे अंतिम निर्णय केंद्र सरकारचा असतो. या साऱ्या तरतुदी तक्रार नोंदवल्यानंतरच्या आहेत. ती नाकारण्यासाठी त्यांचा आधार घेता येत नाही. सैनिकाला अटकच करता येत नाही, हा समजही चुकीचा आहे. कर्जापोटी होणाऱ्या अटकेपासून त्याला संरक्षण आहे आणि कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी केंद्राची संमती लागते, पण बायकोला मारणे हे कोणत्याही सैनिकाचे कर्तव्य नव्हे.

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या पोलीस अधीक्षकांनी आपल्या ठाण्यांना याविषयी लेखी सूचना द्याव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनीही ही माहिती सोप्या मराठीत छापून पेन्शनसाठी व दाखल्यांसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या हाती द्यावी. गणपतीला बहुतेक जवानांची कुटुंबे गावी येतात. त्याआधी एवढे व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त हवालदार, दापोली (जि. रत्नागिरी)