बॅटरी थंड ठेवणाऱ्या शोधांचे परीक्षण अर्ध्यावर सोडू नये

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर नुकतीच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची बातमी छायाचित्रासह आली. विद्युत वाहनाच्या बॅटरीचे तापमान नियंत्रित करणाऱ्या प्रणालीला त्यांना ‘पेटंट मिळाले’, असे तिच्यात म्हटले होते. मुलांनी विषय अतिशय योग्य निवडला आहे आणि त्यांच्या मार्गदर्शक शिक्षकांचेही कौतुक केले पाहिजे. परंतु छायाचित्रात त्यांच्या हाती जो कागद दिसतो, तो पेटंट कार्यालयाच्या दर शुक्रवारी निघणाऱ्या जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्याचा आहे, पेटंट मंजूर झाल्याचा नव्हे. त्या अर्जाचे परीक्षण, म्हणजे शोध खरोखर नवा व पेटंटयोग्य आहे का याची पेटंट कार्यालयाने करायची तपासणी, अजून सुरूही झालेले नाही आणि परीक्षणाची विनंती वेळेत केली नाही, तर ते कधीच सुरू होणार नाही. तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मला ही बाब गंभीर वाटते, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

हा विषय आपल्या भागासाठी किती जिव्हाळ्याचा आहे, ते आधी सांगतो. लिथियम-आयन बॅटरीला साधारण 15 ते 35 अंश सेल्सिअस तापमान मानवते. बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी 45 अंशांची कमाल मर्यादा छापलेली असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतल्या हवेचाच पारा 45 च्या वर जातो. वरोरा-चिमूर भागात ई-ऑटो चालवणारे दुपारी कडुनिंबाखाली गाडी लावून बॅटरीच्या डब्यावर ओले गोणपाट टाकतात, हे कुणालाही पाहता येईल. मीटरवर तापमानाची खूण पेटली की कंट्रोलर मोटारीचा प्रवाह आपोआप घटवतो आणि भरलेली गाडी साध्या चढावरही रेंगाळते. चालकाचा त्या वेळचा धंदा बुडतो. सतत तापत राहिलेल्या बॅटरीची साठवणक्षमता लवकर घटते, हे नुकसान तर त्याला वर्ष-दोन वर्षांनी कळते, तेव्हा कर्जाचे हप्ते अजून चालूच असतात.

येथे एक तांत्रिक अडचण आहे, ती ध्यानात घेतल्याशिवाय परीक्षणाचा मुद्दा नीट कळणार नाही. बॅटरीभोवती पाणी व ग्लायकॉलचे मिश्रण फिरवून ते रेडिएटरमधून काढले, तरी ते बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हवाच 46 अंशांची असेल, तर ही यंत्रणा बॅटरीला 46 च्या खाली नेऊ शकणार नाही. त्यासाठी एअर कंडिशनरसारखे शीतचक्र तरी हवे, नाहीतर पाण्याच्या बाष्पीभवनाचा उपयोग तरी करायला हवा. शीतचक्र महाग असते, स्वतःच बरीच वीज खाते आणि तीनचाकी गाडीत ते बसवायला जागा सापडत नाही. थंड प्रदेशातल्या आणि मोठ्या मोटारींसाठी आखलेले उपाय आपल्याकडच्या स्वस्त वाहनांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्यामुळे येथे खऱ्या शोधाला भरपूर वाव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पेटंट अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण 2500 रुपयांचे वेगळे शुल्क भरून विनंती केल्यास तो महिन्याभरात प्रसिद्ध करून घेता येतो. परीक्षणाच्या विनंतीचे शुल्क शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जात 4000 रुपये आहे. अनेक संस्था पहिले शुल्क तत्परतेने भरतात आणि दुसरे भरतच नाहीत. संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत मंजूर पेटंटांबरोबर प्रसिद्ध झालेले अर्जही मोजले जातात, हे त्यामागचे एक उघड कारण आहे. संस्थेच्या अहवालात आकडा वाढतो आणि फाईल कपाटात जाते. मार्च 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर दाखल झालेल्या अर्जांसाठी परीक्षणाची विनंती 31 महिन्यांच्या आत करावी लागते, पूर्वी ही मुदत 48 महिन्यांची होती. मुदत टळली की अर्ज मागे घेतला असे कायदा मानतो.

यात विद्यार्थ्यांचे जे नुकसान होते, त्याची जाणीव त्यांना कुणी करून देत नाही. अर्ज प्रसिद्ध झाला की त्यातली कल्पना साऱ्या जगासाठी खुली होते. पुढे परीक्षण झाले नाही, तर ती कुणीही वापरावी आणि मूळ शोधकर्त्याला एक रुपयाही देऊ नये, अशी स्थिती येते. शिवाय त्याच मुलांनी दोन-तीन वर्षांनी सुधारित अर्ज केला, तर त्यांचाच जुना प्रसिद्ध अर्ज आधीचे ज्ञान म्हणून, म्हणजे ही कल्पना आता नवी नाही याचा पुरावा म्हणून, त्यांच्यासमोर ठेवला जाईल. घाईने प्रसिद्धी घेऊन परीक्षण टाळणे म्हणजे स्वतःचा शोध स्वतःच्या खर्चाने वाटून टाकणे होय, आणि हा निर्णय बहुधा विद्यार्थ्यांना न विचारताच घेतला जातो. मला याचे मनस्वी दुःख होते.

परीक्षणाला सामोरे जायचे ठरवले, तरी तयारी लागते. या क्षेत्रातल्या अर्जांत पहिला दावा (क्लेम), म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे विधान, पुष्कळदा असा असतो : बॅटरी संच, तापमान संवेदक, नियंत्रक, पंप आणि शीतद्रवाच्या नळ्या असलेली प्रणाली, जिच्यात तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेल्यास नियंत्रक पंप सुरू करतो. परीक्षक हा दावा वाचून पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील बॅटरी शीतकरणाच्या आणि वाहन-बॅटरी तापमान नियंत्रणाच्या गटांत शोध घेतो आणि असे जुने दस्तऐवज त्याच्यासमोर ढिगाने येतात. भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(एफ) नुसार ज्ञात उपकरणे नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक उपकरण आपापले ठरलेले काम स्वतंत्रपणेच करत राहिले, तर तो शोध मानला जात नाही. त्यात कूलरची जाळी जोडली म्हणूनही फार काही बदलत नाही, कारण बाष्पीभवनाने हवा थंड होते हे विदर्भातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि रेडिएटरवर पाण्याचा फवारा मारण्याची कल्पनाही नवी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या रीतीचे पेटंट टिकू दिले नाही. कारागिराच्या रोजच्या कौशल्यातून होणारी सुधारणा पेटंटला पुरेशी नाही, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही असे काही त्यात हवे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तो खटला जुन्या 1911 च्या कायद्याखालचा असला, तरी आजही त्याचा दाखला दिला जातो. कुणाला ही कसोटी ग्रामीण संशोधकाला जाचक वाटेल. मला ती योग्य वाटते. कुणालाही सुचेल अशा गोष्टीवर एखाद्याला 20 वर्षांची मक्तेदारी मिळाली, तर त्याचा फटका आमच्या तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्यालाच आधी बसेल.

मग टिकणारा दावा कसा असतो? तो प्रश्नाच्या मुळाशी जातो. उदाहरणार्थ, बाहेरची हवा बॅटरीपेक्षा उष्ण असताना पंखा चालवला तर तो बॅटरीला आणखी तापवतो. अशा वेळी पंखा बंद ठेवायचा, पहाटेच्या गारव्यात बॅटरी खोलवर थंड करून घ्यायची, दिवसाच्या फेऱ्यांचा अंदाज घेऊन चार्जिंगचा वेग ठरवायचा आणि कूलरच्या टाकीतले मोजके पाणी नेमक्या क्षणी वापरायचे, असा घटकांचा परस्परांवर अवलंबून असलेला मेळ दाखवता आला, तर परीक्षकाला विचार करावा लागतो. यातला एखादा भागही कुणी आधीच लिहून ठेवलेला असू शकतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी शोध घेणे अटळ आहे. नियंत्रणाची पद्धत संगणक आज्ञावलीतून राबवली जात असल्याने कलम 3(के) ची हरकतही हमखास येते, कारण निव्वळ संगणक आज्ञावली किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधांना हे कलम सरसकट लावू नये असे स्पष्ट केले आहे, परंतु तो परिणाम अर्जात दिसायला हवा. प्रणालीविना बॅटरी दुपारी दोन वाजता किती अंशांवर होती, प्रणालीसह किती अंशांवर राहिली आणि त्यासाठी किती वीज व किती पाणी लागले, हे मोजून लिहिले पाहिजे. ‘कार्यक्षमता वाढते’ एवढ्या मोघम वाक्याने काम भागत नाही.

ही मोजमापे मागाहून घुसडता येत नाहीत, कारण पूर्ण विवरणपत्र, म्हणजे शोधाचे सविस्तर वर्णन व दावे असलेला अर्जाचा मुख्य दस्तऐवज, दाखल झाल्यावर दुरुस्तीच्या नावाखाली नवा मजकूर घालण्यास कायद्याने मनाई आहे. कायद्यानेच यावर चांगली सोय ठेवली आहे. आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करून तारीख मिळवायची आणि पूर्ण विवरणपत्र 12 महिन्यांत द्यायचे. आपल्या मुलांनी फेब्रुवारीत तात्पुरता अर्ज करावा, एप्रिल-मेच्या उन्हात गाडी प्रत्यक्ष चालवून नोंदी घ्याव्यात आणि पावसाळ्यात पूर्ण विवरणपत्र लिहावे. असे ऊन बाहेरच्या प्रयोगशाळांना खर्च करून निर्माण करावे लागते, आपल्या आवारात ते आपोआप मिळते. मात्र अर्जाची तारीख मिळण्याआधी प्रदर्शनात किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीत यंत्रणा उघड करू नये, एवढे पथ्य पाळावे.

परीक्षणाचा पहिला अहवाल आल्यावर उत्तरासाठी सहा महिने मिळतात, ते विनंतीवरून आणखी तीन महिने वाढतात. उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तोवर मुले पदवी घेऊन पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेली असतात आणि महाविद्यालयात तो ईमेल उघडणाराही कुणी नसतो. हरकतींचा अहवाल म्हणजे नकार असतो, असा समजही पसरलेला आहे. बहुतेक सर्व अर्जांवर हरकती येतात, दावे आवरते घेऊन आणि फरक समजावून सांगून त्यांना उत्तर देता येते आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीवर होत असल्याने मुंबईला जाण्याचा खर्चही वाचतो.

येथे एक सावधगिरीही नोंदवावीशी वाटते. पेटंट मंजूर झाले म्हणजे यंत्रणा सुरक्षित ठरली, असे होत नाही. 2022 च्या उन्हाळ्यात विद्युत दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्राने एआयएस-156 हे बॅटरी सुरक्षेचे निकष कडक केले आणि ते 1 डिसेंबर 2022 व 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू केले. त्याची चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या ठिकाणी होते. पेटंट परीक्षक आग लागेल की नाही हे तपासत नाही.

पेटंटचे अर्ज फक्त हिंदी किंवा इंग्रजीत स्वीकारले जातात, ही आमच्या मुलांपुढची आणखी एक अडचण आहे. परंतु पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे. तिने चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, वाशीम येथील महाविद्यालयांत मराठीतून, प्रत्यक्ष परीक्षण अहवाल पुढ्यात ठेवून कार्यशाळा घ्याव्यात, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. आपणही यापुढे अशी बातमी छापताना अर्ज प्रसिद्ध झाला आहे, परीक्षणात आहे की मंजूर झाला आहे, याची खात्री करून घ्यावी. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ही स्थिती अर्ज क्रमांकावरून कुणालाही विनाशुल्क पाहता येते.

बातमीतील अर्जाची स्थिती मी तेथेच पाहिली. परीक्षणाच्या विनंतीची नोंद तेथे नाही, मात्र मुदत अजून शिल्लक आहे. संबंधित महाविद्यालयाने 4000 रुपयांचे हे शुल्क या सत्रातच भरावे आणि अहवाल आल्यावर मूळ विद्यार्थ्यांना गाठून उत्तर देण्याची जबाबदारी एखाद्या शिक्षकावर लेखी सोपवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त अधिव्याख्याता
ता. चिमूर, जि. चंद्रपूर