विहीर पिशवीत टाकली

पुणे, सोमवार रात्र

प्रिय अव्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या राखून ठेव. भाचीसाठी जुन्या वाड्याचा खेळ लिहीत बसलो होतो. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. 'बघ' टाइप केलं की आहे त्या खोलीचं वर्णन येतं, 'देवघर बघ' म्हटलं की देवघराचं. म्हणजे काय बघायचं ते सांगितलं तर सांगितलं, नाही तर नाही. या 'नाही तर नाही'नंच घाम काढला.

खेळ पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत. सवयीनं आधी रेगेक्स घेतला, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या खुणा. शब्द सुटे करायला बॅकस्लॅश डब्ल्यू, पुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे 'लागोपाठची अक्षरं दे'. 'कंदील' दिला, तर हातात आले क, द, ल! पायथॉनमध्ये रेगेक्स सांभाळणाऱ्या 'री' मॉड्यूलच्या लेखी अनुस्वार आणि वेलांटी अक्षरांत जमाच नाहीत. मुकाट्यानं स्प्लिटवर आलो, ते मोकळ्या जागेवर ओळ तोडून शब्दांची यादी देतं, आणि तिथून मॅच-केसवर, ते यादी कुठल्या नमुन्यात बसते ते वरून खाली एकेक 'केस' घेऊन बघतं. (२०२१ च्या ३.१० आवृत्तीत आलं ते. तुमच्या ऑफिसात अजून ३.८ असेल तर विसर.)

त्याची उदाहरणं बघितली तर सगळी इंग्रजी वळणाची: आधी 'गो', मग दिशा. आपलं क्रियापद बसतं शेवटी. मग तारा (* ही खूण, म्हणजे 'इथे कितीही शब्द चालतील') उचलून पुढे नेला:

केस [*काय, "बघ"]

शेवटचा शब्द 'बघ' हवा. आधी काही नसलं तर 'काय' ही रिकामी यादी, की खोली दाखवायची. भाचीनं 'जुना पितळी कंदील उचल' असं लांबण लावलं, तेही 'उचल'च्या तशाच ओळीत बसलं. तारा नसता तर नेमके दोनच शब्द चालले असते.

एकदा मात्र 'उचल'ची अवतरणचिन्हं राहिली, आणि ती केस नेमकी सगळ्यांत वर. पायथॉननं हूं की चूं केलं नाही. अवतरण नाही म्हणजे ते नुसतं नाव, त्यात कुठलाही शब्द मावतो. पोरीनं 'विहीर बघ' लिहिलं. उत्तर आलं, 'विहीर पिशवीत टाकली.' ती इतकी हसली की दुरुस्ती करताना माझंच मन होईना.

आता नवीन लफडं. काल तिनं लिहिलं, 'कंदील उचल ना'. शेवटचा शब्द 'ना'! 'किंवा'ची उभी रेघ टाकून "ना", "रे" चालवून घेतलेत, पण आज 'की' आणि 'बरं का' आले. शेपट्या आधीच छाटाव्यात की केसमध्येच धराव्यात? तू काय करशील ते कळव.

तुझाच,
बाळ्या