रविवारच्या गेमआधी शूटिंगबद्दल हे वाचून या

मंडळी नमस्कार, मागच्या रविवारी एका नेमबाजीवरून पाऊण तास वाद झाला आणि गेम तिसऱ्याच टर्नला सोडावा लागला, फार वाईट वाटलं म्हणून आधीच लिहितोय. आपण वॉरहॅमर फँटसी, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक (मिनिएचर) मांडून खेळायच्या युद्धाच्या गेमची २०१० ची आठवी एडिशन खेळतो, त्यात मिनिएचरच्या नजरेतून खरंच दिसतं का ते बघायचं असतं, त्यामुळे उभ्या उभ्या वरून बघून सांगू नका, टेबलाशी वाकून तिरंदाजाच्या डोळ्याच्या लेव्हलला या. भिंतीवरून नुसतं भाल्याचं टोक किंवा झेंडा दिसला तर तो दिसला असं धरत नाहीत, अंग दिसायला हवं.

खरी गडबड कव्हरची, म्हणजे समोरचा ज्याच्या आड आहे त्या आडोशाची. झुडपाचं कुंपण सॉफ्ट म्हणजे नेमाच्या फाशाला उणे १, दगडी भिंत हार्ड म्हणजे उणे २, पण आपल्या थर्माकोलच्या पडक्या देवळाला काय म्हणायचं? हे डिप्लॉयमेंटच्या (सैन्य टेबलावर मांडायच्या) आधी ठरवा, फासे हातात घेतल्यावर नाही! लाँगबोची रेंज ३० इंच, १५ च्या पुढे अजून एक उणे, म्हणजे ज्याला नेम लागायला फाशावर ४ किंवा जास्त लागत होते त्याला हार्ड कव्हरसकट ७ लागतात, तेव्हा आधी ६ आणि मग त्याच फाशावर परत ४ किंवा जास्त. अर्धे तिरंदाज १५ च्या आत आणि अर्धे बाहेर असतील तर फासे वेगवेगळे टाका.

तरीही पटलं नाही तर दोन मिनिटं पुस्तक बघा, नाहीतर एक फासा, १ ते ३ याचं, ४ ते ६ त्याचं, आणि गेम पुढे. मोजपट्टी आणा प्लीज.