काका, तुमच्या त्या कार्बन कागदासाठी थँक्यू

काका नमस्कार,

तुम्ही फेसबुकवर नाही हे माहितीये, पण तुमची सून आहे, ती वाचून दाखवेल. तोंडावर बोललो असतो तर तुम्ही "चहा घे नि गप बस" म्हणाला असतात, म्हणून इथे लिहितोय.

22 जुलै 2021 चं चिपळूण ज्यांनी बघितलं त्यांना पुराचं वेगळं सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी आमच्या भाड्याच्या खोलीत माळ्यापर्यंत आलं, ओसरल्यावर आत ढोपरभर चिखल, आणि मालक म्हणाला भिंत गेलीय आता बघा तुमचं तुम्ही. त्याचं तरी काय चुकलं, त्याचंही सगळं गेलेलंच. चाळीतली आम्ही पाच बिऱ्हाडं, लहानमोठी मिळून एकोणीस माणसं. रस्त्याकडेला ताडपत्री बांधली की कोणीतरी येऊन हलवायचं. तीनदा हलवलं, एकदा तर रात्री, पाऊस चालू असताना, आणि बाजूच्या वहिनींचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं.

तेव्हा तुम्ही चढावरचा तुमचा एनए (बिगरशेती) प्लॉट दिलात. खरं सांगू, जागा एखाद्याने दिलीही असती. पण कागद? झेरॉक्सवाले सगळे चिखलात, म्हणून तुम्ही पडवीत बसून कार्बन घालून हाताने प्रती काढल्यात. पाचही घरांची नावं, माणसं किती, भाडं नाही, मालकाच्या परवानगीने राहतात, 31 ऑक्टोबरपर्यंत. एक प्रत ऑफिसात देऊन आवकचा शिक्का मारून आणलात आणि आईला म्हणालात "आता कोण आलं तर उठायचं नाही, हा दाखवायचा." त्यानंतर दोनदा आले, वाचलं, गेले. आई त्या रात्री पहिल्यांदा साडीचा पदर कमरेला न खोचता झोपली. आधी रोज तशीच तयारीत झोपायची, कधी पळायला लागेल म्हणून.

31 ऑक्टोबरच का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही मुंबईच्या फुटपाथवाल्यांची केस सांगितलीत. 1981 साली त्यांना पावसाळ्यात हाकलायला निघाले (हुकूम देणारे अंतुले साहेब, आपल्या कोकणातलेच!), केस सुप्रीम कोर्टात गेली, 1985 ला निकाल लागला. कोर्ट म्हणालं पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, फुटपाथवर कायम राहायचा हक्क मात्र कोणाला नाही, पण पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, हलवायचं नाही. तुम्ही तीच तारीख उचललीत. कोर्टात कारकुनी केलेला माणूस असा कामाला येतो.

डोंबिवलीहून तुमच्या पुतण्याचा फोन आलेला तोही मी ऐकला बरं का, तुम्ही स्पीकरवरच बोलता. "काका, कूळ लागतील, जागा जाईल!" तुम्ही म्हणालात, "अरे, कूळ लागायला शेत कसावं लागतं, ही माणसं चिखल धुतायत."

बाकी ते जांभ्याचे चिरे अंथरुणाखाली घालायला दिलेत, चर कसा खणायचा ते छत्री धरून उभं राहून दाखवलंत (दोनदा चुकीच्या बाजूला खणायला लावलात, ते जाऊ दे), बायकांसाठी मागच्या संडासाची चावी काकींनी दिली. गणपतीत आमचा वीतभर बाप्पा तुमच्या पडवीत बसला.

29 ऑक्टोबरला आम्हाला खोली मिळाली, दोन दिवस आधीच निघालो. आमची कार्बनची प्रत ट्रंकेत आहे, निळी अक्षरं पुसट झालीत, आई टाकू देत नाही.

आणि हो, तुमची पहार अजून आमच्याकडेच आहे. चार वेळा विसरलो. रविवारी घेऊन येतो, आई घावनं देतेय सोबत, काकींना सांगा सकाळी काही करू नका.

तुमचा,
ताडपत्री नंबर तीन