सात टक्क्यांबद्दल चकार शब्द नाही

महोदय,

कालच्या अग्रलेखात एच-वन-बी हा अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा आला, ट्रम्प आले, त्या व्हिसापायी दरवर्षी भरायचे म्हणून एक लाख डॉलरही आले. ग्रीन कार्डांत, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यांत, एका देशाच्या वाट्याला येणारे सात टक्के तेवढे राहून गेले. पंगतीत वाढप्यांना झापायचे, पण मुळात स्वयंपाक किती पानांचा झालाय हे विचारायचे नाही, तसे झाले.

आधी ते लाख डॉलर. ते दरवर्षी भरायचे नाहीत, एकदाच. तेही 21 सप्टेंबर 2025पासूनच्या नव्या अर्जांना, मुदतवाढीला नाही. ‘दरवर्षी’ हे तिथल्या वाणिज्यमंत्र्यांचे पहिल्या दिवशीचे बोलणे. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने ते दुरुस्त केले. आपण अजून पहिल्या दिवसावरच आहात.

आता हिशेब. नोकरीच्या वाटेने मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण 1,40,000. त्यांतली ईबी-2 या उच्चशिक्षितांच्या गटाला 40,040. एका देशाच्या वाट्याला त्याचे सात टक्के, म्हणजे 2,803. भारताला तेवढीच, आइसलँडलाही तेवढीच! बायको-मुलेही याच आकड्यात धरतात, म्हणजे चौघांचे घर धरले तर जेमतेम 700 घरे. इतरांची उरली तरच थोडी वर मिळतात.

देश ठरतो तो जन्मावरून. मिरजेत जन्मलेला माणूस कॅनडाचा नागरिक झाला तरी रांग भारताचीच. मस्कतला जन्मलेला त्याचा भाऊ भारतीय पासपोर्टवर ओमानच्या मोकळ्या रांगेत.

मूल 21 वर्षांचे झाले की आईबापांच्या अर्जातून गळते. त्याच्या वयातून वजा होतात ते आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज, प्रलंबित असल्याचे दिवस, रांगेतली वर्षे नव्हेत. त्यामुळे जादा शुल्क भरून आय-140 झटपट मंजूर करून घेणारा बाप ही वजावटच घालवून बसतो. वकील हे नेहमी सांगतातच असे नाही.

2 डिसेंबर 2020 रोजी अमेरिकेच्या सिनेटने ही सात टक्क्यांची देशनिहाय मर्यादा उठवणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या. कनिष्ठ सभागृहाने 2019मध्ये 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केलेला मसुदा वेगळा होता. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि जानेवारीत संसदेची मुदत संपताच विधेयक बुडाले. ती बातमी आतल्या पानावरही दिसली नाही. शिवाय नुसती मर्यादा उठवून कार्डे वाढत नाहीत, रांग दुसऱ्यांच्या अंगावर जाते. कुटुंबीयांना या मोजणीतून वगळले तर खरा फरक पडेल.

जाता जाता : आपल्या रविवार पुरवणीत ‘ग्रीन कार्ड लॉटरी’चे अर्ज भरून देण्याची जाहिरात असते. पाच वर्षांत 50,000हून जास्त माणसे गेलेले देश त्या लॉटरीतून वगळतात, त्यात भारत आहे. जाहिरात घेणाऱ्या टेबलावर हे कुणीतरी कळवावे.

– एक वाचक, पुणे